बाराव्या चाळीतले पंखे

कांदा साठवायच्या अकरा चाळींतले पंखे गरगर फिरत होते, आणि बारावीतले सकाळी दहा वाजता एकाएकी थांबले. वीज होती, पंखे धडधाकट होते. मग थांबले कशाने? साल होतं २०५२, गाव निफाडजवळचं.

बारा वर्षांची इला धावत बाराव्या चाळीशी गेली. बारावी चाळ म्हणजे तिच्या आईची, वैजयंताची, परीक्षाच होती. गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत नवी माहिती प्रणाली (माहिती गोळा करून तिच्यावरून कामं चालवणारी यंत्रणा) बसवायचं काम आईकडे होतं. अध्यक्ष दौलतआबांना ती वाजतगाजत बाराही चाळींत एकदम सुरू करायची होती. आई म्हणाली, "आधी एकच चाळ." सगळे तिला भित्री म्हणाले, पण शेवटी प्रणाली फक्त बाराव्या चाळीला जोडली. इलालाही तेव्हा आईची लाज वाटली होती.

"चाळ बारा, हातबटणावर!" किटकिट ओरडला. हा कंपनीचा यंत्रमानव. दिवसभर सूचना करतो म्हणून कांदे निवडणाऱ्या बायकांनी त्याचं हे नाव ठेवलेलं. आईने धावत जाऊन जुनं बटण दाबलं आणि पंखे पुन्हा फिरू लागले.

"जुनं बटण काढलं नव्हतं?" इलाने विचारलं.

"वैजयंताताईंनी काढू दिलं नाही," किटकिट म्हणाला. "जोखीम म्हणजे काहीतरी बिघडण्याची शक्यता आणि त्यातून होणारं नुकसान. ती शून्य होत नाही. म्हणून काय बिघडेल ते आधी लिहायचं, थोड्यावर करून बघायचं, लक्ष ठेवायला कुणालातरी नेमायचं आणि मागे फिरायची वाट उघडी ठेवायची."

"पण बिघडलं काय?"

"प्रणालीला वाटलं हंगाम संपला, चाळ रिकामी झाली, म्हणून तिने पंखे बंद केले. आज कांदा न्यायला एकही गाडी आली नाही ना."

"अरे, आज अमावास्या! बाजारात कांद्याचे लिलाव बंद असतात!" इला ओरडली. "हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे!"

"मला कुणी सांगितलं नाही," किटकिट म्हणाला.

आई कपाळाला हात लावून हसली. "खरंय गं इलू. प्रणाली करणारे शहरातले. आपल्याला इतकं पाठ होतं, की सांगायचंच राहिलं."

दौलतआबा घाम पुसत आले. "वैजयंताताई, बाराही चाळी बंद पडल्या असत्या तर गावाचा सगळा कांदा सडला असता. माझंच चुकलं."

इलाची मान ताठ झाली. ही माझी आई, असं तिला सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं. मग तिला एकदम काहीतरी सुचलं.

"आई, आपल्याला पाठ असलेलं आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

आईने इलाला खांद्याला धरून पुढे घेतलं.

"आबा, दुसरी चाळ जोडण्याआधी हा प्रश्न मला सगळ्यांना विचारायचाय," आई म्हणाली. "आणि विचारायला ही पोरगी हवी."

आबांनी मान डोलावली. इला कोरी वही घेऊन कांदे निवडणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत तिची नऊ पानं भरली.