मिठाचा तळ

विजयकुमारचं घर हर्णैच्या अलीकडे, समुद्राच्या अगदी अंगावर. खाली नवराबायको राहत आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. पूर्वीचा पाहुणा लाटा ऐकायला पहाटे उठायचा. आता वाळूवर रात्रभर गाणी वाजत, लोक गाड्या थेट पाण्यात घालत. जुने पाहुणे फोनवर विचारू लागले, "आहे का हो कुठं शांत जागा?" म्हणून त्या वैशाखात खोल्यांना कुलूप लावून तो बायकोला घेऊन निघाला, तो समुद्राकडे पाठ करूनच.

"समुद्र सोडून माणसं तिकडे उन्हात कशाला जातील?" प्रियंका म्हणाली.

"कोणी जात नाही म्हणूनच."

"मग आपणच तेवढे शहाणे."

मराठवाड्यात शिरल्यावर वारंगा फाट्यावर चहा झाला, औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं आणि दुसऱ्या दिवशी ती दोघं सेनगावच्या पुढच्या एका तांड्यावर पोचली. एका जुन्या पाहुण्यानं तिथल्या धर्मसिंगचा नंबर दिला होता. धर्मसिंगची शेती होती आणि फावल्या वेळात तो जीप चालवायचा. जुन्या लदेणीचा, म्हणजे ओझ्याच्या बैलांच्या काफिल्याचा, तळ दाखवतो, असं त्यानंच फोनवर सांगितलं होतं.

अंगणात खाट टाकली होती. प्रियंका टेकते न टेकते तोच खुंट्याचं वासरू जवळ आलं आणि तिचा हात चाटू लागलं. जीभ खरखरीत, ती हसली, पण तिनं हात काढला नाही.

"घामाचं मीठ लागतंय त्याला," धर्मसिंगची आई रूपाबाई म्हणाली. "त्यात तुमी दर्याकाठच्या. सोडायचं न्हाई ते आता."

"माझ्यापेक्षा ह्यांना चाटायला लावा. ह्यांचा घाम तर भातातही पडतो," प्रियंका म्हणाली. म्हातारी पदर तोंडाला लावून खुदखुदली.

मग तिनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या. बांधता बांधता तिचं हसू ओसरलं.

"अळणी हायेत, बाबा. तळावर मीठ न्हेत न्हाई आमी. तुमच्या पिशवीत न्हाई ना?"

"नाही, मावशी," विजयकुमार म्हणाला. मीठ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मिठाची पुडी आली, आणि पुडी त्याच्याकडे नव्हतीच. पिशवीत आगळाची बाटली होती, कोकमाचा मीठ घालून मुरवलेला रस. कोकणातला माणूस उन्हाळ्यात घराबाहेर पडताना चप्पल घालावी तशी ती बाटली घेतो. चपलेची कोणी आठवण ठेवतं का?

"आन काहून एवढ्या उन्हाचे जाऊन राहिले?" म्हातारी लेकाला म्हणाली. "दिवस कलू दे की."

"याडी, फोटोला ऊन लागतं त्यांना," धर्मसिंग म्हणाला. आईला तो याडी म्हणायचा.

जीप नांगरलेल्या काळ्या रानांतून वर चढली आणि मुरमाड माळाला लागली. वस्ती संपली. तरवडाची झुडपं, पानं गाळलेले साग आणि वर पांढरं पडलेलं आभाळ. धर्मसिंग बोलत होता. "आमचे लोक पूर्वी तुमच्याकडचं मीठ बैलांच्या पाठीवर आणायचे. मीठ द्यायचं, दाणे घ्यायचे. फुकट कुणाला देणं न्हाई, फुकट घेणं न्हाई. एका साली दुष्काळात लदेणी हितं उतरली. बारव कोरडी. पुढं पाणी न्हाई, मागं पाणी न्हाई. पाठीवर निस्तं मीठ."

"मग?"

"मग काय, साहेब... तळ उठलाच न्हाई."

माळाच्या कडेला त्यानं जीप थांबवली. पुढे दगडगोटे होते. "तुमी चालत बघून या. मी खालून ओढ्याच्या वाटेनं गाडी पल्याड आणतो." तळाच्या बाजूला न बघताच त्यानं गाडी मागे घेतली.

तळ म्हणजे नुसती सपाट जागा होती. मधे अर्धी बुजलेली बारव आणि कडेनं बैल बांधायचे दगड, दाव्यांनी घासून कमरेत बारीक झालेले. विजयकुमारनं फोटो काढले. इथं चार माणसांना आणावं, ही गोष्ट सांगावी, असं त्याच्या मनात येत होतं. मग त्याच्या लक्षात आलं की वारा पडला आहे. होला बोलत होता, तोही गप्प झाला होता.

"अहो," प्रियंका म्हणाली, "मला गरगरतंय."

ती बारवेच्या काठावर बसली होती आणि तिचे ओठ पांढरे झाले होते. त्यानं घाईनं पिशवी उघडली, पेल्यात आगळ ओतलं, वर पाणी घातलं. तिनं एका दमात पेला रिकामा केला. थोडं हनुवटीवरून खाली ओघळलं आणि मुरमावर लाल ठिपके पडले.

"घोटभर द्या ना अजून."

तो बाटली तिरपी करत होता तेव्हा वास आला. ओहोटीच्या चिखलाचा, वाळत घातलेल्या जाळ्यांचा, त्याच्या घराच्या मागच्या दाराचा वास. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर होता.

त्यानंतर घंटा ऐकू आल्या.

आधी एक. मग मागून पुष्कळ, लयीत, ओझ्याचे बैल चालतात तशा जड. ओढ्याच्या अंगानं धुळीची भिंत उठली आणि वारा नसताना सरकत आली.

"कोण आहे...?" प्रियंका पुटपुटली.

त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. दोन्ही बाजूंनी काहीतरी जात राहिलं. गरम श्वास, फुसफुस, चामड्याचा करकर आवाज. त्याच्या गुडघ्याला काहीतरी ओलं, खरखरीत घासून गेलं. पेला कोणीतरी चाटत होतं. हात सुटला नाही. नंतर त्यानं स्वतःला हे किती वेळा सांगितलं, की हात एकदाही सुटला नाही.

धूळ बसली. प्रियंका होती तिथंच बसली होती. त्याच्या हातातला तिचा हात मात्र थंड होता, आणि त्या रणरणत्या उन्हात ठणठणीत कोरडा.

"बरं वाटतंय?"

तिनं मान हलवली आणि पिशवीतली पाण्याची बाटली घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पिताना ती एकदाही थांबली नाही.

तांड्यावर परतल्यावर ती खाटेवर बसली. वासरू उठून आलं. त्यानं तिचा तळवा हुंगला, आणि दावं ताणून इतकं मागे सरलं की खुंटा हलला. रूपाबाईनं ते पाहिलं. तिनं पिशवीतून डोकावणारा पेला उचलला, तळाशी राहिलेला लाल थेंब बोटानं टिपून जिभेला लावला.

"हे काय?"

"आगळ, मावशी. कोकमाचं..."

म्हातारीनं पेला हळूच खाली ठेवला. "आजचा दिवस ऱ्हावा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा जाऊ. मी येते संगं."

"नको," प्रियंका म्हणाली. "मला दर्यावर न्या."

दर्या हा शब्द तिच्या तोंडी कधी नव्हता. पण ऊन लागलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं? दवाखान्यात दाखवू, घरी नेऊ, असं म्हणत विजयकुमारनं गाडी काढली. रूपाबाई फाटकापर्यंत गाडीच्या मागे आली. पाहुण्यांना निरोप देताना हात हलवतात तसा तिनं हलवला नाही.

घरी आल्यावर प्रियंका हिंडू फिरू लागली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण आमटी अळणी होऊ लागली. तांब्यावर तांबे पाणी जाई आणि कपाळावर घामाचा थेंब येत नसे. झोपेत तिचे ओठ हलत. ज्या घरात ती लग्न होऊन आली त्या घरात ती भिंतीला हात लावत चाले, आंधळ्यानं परक्या घरात चालावं तशी.

एका दुपारी ती किनाऱ्यावर गेली. विजयकुमार मागोमाग गेला, तोच फोन वाजला. धर्मसिंगचा.

"साहेब, ताई घरीच हायेत ना?"

"समोर आहे माझ्या. का?"

"मी तळावर उभा हाय. याडीनं पाठवलं. ऐका..."

त्यानं फोन लांब धरला असावा. मोकळ्या माळाची शांतता, मग घंटा, जड, लयीतल्या. आणि त्यांच्या मधून, घसा सुकलेला, पण घरातला, रोजचा आवाज.

"अहो... घोटभर द्या ना अजून."

विजयकुमारनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"याडी म्हणती," धर्मसिंग कुजबुजला, "तळावरनं जे न्हेलं ते घेऊन या. बदल्याशिवाय ते ताईंना देत न्हाईत. लवकर या, साहेब. हितं पाणी न्हाई."

समोर ती पोटऱ्यांपर्यंत पाण्यात वाकली होती. ओंजळ भरून समुद्र पीत होती, पुन्हा भरत होती, पुन्हा पीत होती. तोंड वाकडं न करता. मग तिनं मागे वळून पाहिलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर लहान लेकरासारखं समाधान होतं.

"किती गोड हाय," ती म्हणाली. "हे आटत न्हाई ना कधी?"

त्याची मान नकळत नाही म्हणून हलली.

"मग मला आता हितून कुठं न्हेऊ नका." तिनं हात जोडले. ओले हात. "लई दिवस झाले, बाबा..."

फोन कधी खिशात गेला ते विजयकुमारला कळलं नाही. तो बंद करायचा राहिला होता. लाट आली की तिच्या गाजेत बुडत आणि ओसरली की पुन्हा वर येत, खिशातून तो बारीक आवाज येतच होता.

"अहो... अहो..."