काठोकाठ ओतलेला चहा

"थांबा तिथेच."

बुरुल त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ती एवढंच, आणि तेही मान न वळवता. शिंगराला घोडीच्या कुशीला लावून ती पान्हा फुटायची वाट बघत होती. एका खांद्याला बॅग आणि हातात खोकं घेतलेला हा माणूस थेट घोडीच्या मागच्या पायांकडे चालत येत होता. सुसामिरच्या कुरणावर शहरातली माणसं अशीच येतात.

"पुढे आला असतात तर लाथ बसली असती. समोरून या, तिला तुमचं तोंड दिसू द्या."

"आणि नाही आवडलं तर?"

"मग लाथच."

तो हसला. गालावर खळी पडली आणि बुरुलला ती दिसली. शिंगरू सुटून पळालं, दुधाची चरवी कलंडता कलंडता राहिली, आणि आईला पुढे दहा दिवस पुरेल इतकी थट्टा मिळाली.

त्याचं नाव एल्दियार. राजधानीत, बिश्केकला, रात्रपाळीची नोकरी, जेवणाला वेळ नाही, झोपेचा पत्ता नाही. एकोणतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की यकृतावर चरबी चढलीय. दर जूनमध्ये अशी माणसं बुरुलच्या आईकडे, कालिपाआपाकडे, दहा दिवस घोडीच्या दुधावर राहायला येतात. हातातल्या खोक्यात हिरव्या पुडीची तीस पाकिटं होती.

"हे सगळं विष बाहेर काढतं म्हणे," त्यानं पहिल्याच जेवणाला अभिमानानं सांगितलं.

कालिपाआपानं पाकीट हुंगलं आणि परत ठेवलं. "गाळणी तुझ्या पोटातच आहे रे बाळा. यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. त्यांच्यावर घाण ओतायची थांबव आणि त्यांना त्यांचं काम करू दे. पुडी कशाला?"

"पैसे दिलेत, आपा."

"मग शिंगराला घाल," बुरुल म्हणाली. "तेही नाही खाणार."

खोकं पेटीवर जाऊन पडलं. पहाटे उठायचं, बुरुलबरोबर नदीपर्यंत चालत जाऊन यायचं, दर दोन तासांनी दोहलेलं कोमट दूध प्यायचं. इतर पाहुण्यांना तेच दूध आंबवून केलेलं, जरा चढणारं किमिझ मिळायचं, पण यकृतवाल्याला आपा ते देत नसे. दुपारी भाजी घातलेलं साधं सूप. भरपूर पाणी. दारूचं नाव नाही. अंधार पडला की झोप. पहिले तीन दिवस तो चिडका झाला, डोकं दुखतं म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला आणि उठला तो वेगळाच माणूस होऊन. चेहऱ्याची सूज उतरली होती. नदीवर जाताना आता तो मागे राहत नसे, उलट बुरुललाच धाप लागायची — की ती तसं दाखवायची, कोण जाणे.

संध्याकाळचा चहा बुरुल ओतायची. आमच्याकडे प्याला अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्यानं बसावं, पुन्हा मागावा. काठोकाठ भरला की पाहुण्यानं उठायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एल्दियारचा प्याला अर्ध्याहूनही कमी भरला जाऊ लागला.

"काय हे, दोन घोटांचा चहा?" तो म्हणाला.

"तक्रार आहे?"

"नाही. सतरा वेळा मागायला लागतो, एवढंच."

"माग की मग. मी कुठे दमलेय?"

सातव्या दिवशी नदीकाठी तिनं त्याला वडिलांबद्दल सांगितलं. व्होडकानं गेले. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि तरी उशीखाली बाटली होती. "पिणाऱ्या माणसाची सावलीसुद्धा नको मला," ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज चढला नव्हता.

"मी दारूला शिवणार नाही," एल्दियार म्हणाला. "शब्द दिला." मग बराच वेळ तो पाण्यात खडे टाकत राहिला. "मी इथे का आलो, ते पुरतं सांगितलं नाही तुला. कोरियात काम मिळतंय, पाच वर्षांचं. त्याची वैद्यकीय तपासणी आहे... पण कुणी राहा म्हटलं तर नाही जाणार. आईचं दुकान आहे, बघेन काहीतरी."

"कोण म्हणणार राहा?"

"चहा ओतणारी." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तोंडानं नको सांगूस. दहाव्या दिवशी संध्याकाळी प्याल्यातच सांग. अर्धा दिलास की मी समजेन."

परतताना सगळी वाट बुरुल गुणगुणत होती. उत्तर ठरलंच होतं.

दहाव्या दिवशी शेजारच्या तळावर जुमाबाय आजोबांकडे नातवाचं बारसं होतं. सगळं कुरण लोटलं होतं. बुरुल किमिझचा हंडा घेऊन आत शिरली आणि तिनं पाहिलं... आजोबांनी पुढे केलेला व्होडकाचा छोटा पेला एल्दियारनं दोन्ही हातांनी घेतला आणि ओठांना लावला.

पुढचं तिनं पाहिलं नाही. हंडा होता तिथेच टेकवला आणि बाहेर पडली. क्षणभर थांबली असती तर या गोष्टीला सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढे पिवळे डोळे उभे राहिले होते, आणि अशा वेळी माणसाला पुढचं काही दिसत नाही.

संध्याकाळी तिनं चहा ओतला. काठोकाठ. इतका, की उचलताना त्याच्या बोटांवर सांडला.

एल्दियारनं प्याल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बुरुल... हाच चहा द्यायचाय ना?"

"हाच."

गरम चहा तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि आपाकडे आशीर्वाद मागून उठला.

सकाळी पहिल्या दोहण्याआधीच तो दुधाच्या गाडीतून गेला. जाताना आपाकडून नान मागून घेतला, एक घास चावला आणि उरलेला तिच्या हाती दिला. लांबच्या वाटेला निघालेला माणूस असं करतो. राहिलेला नान घरात टांगून ठेवतात, तो आल्यावरच उतरवतात. आपानं तो फडक्यात बांधून तंबूच्या लाकडी जाळीला टांगला.

"त्याला यायचंय परत," ती एवढंच म्हणाली.

"येऊ दे की, व्होडका घेऊन." बुरुलनं फडकं ओढलं, नान ताकात कुस्करला आणि कुत्र्यापुढे ठेवला. 

चौथ्या दिवशी जुमाबाय आजोबा हंडा परत द्यायला आले. चहा पिता पिता हसायला लागले.

"तुमचा तो पाहुणा कुठे गेला? मोठा गोड पोरगा. माझ्या हातचा पेला नाकारला नाही, ओठ टेकवले, रीत राखली, आणि जसाच्या तसा परत दिला. थेंब नाही घेतला. कानात म्हणतो कसा, आजोबा, रागावू नका, एका मुलीला शब्द दिलाय."

बुरुलनं किटली खाली ठेवली. मोठ्यांचा मान राखायला ओठ टेकवायचे आणि परत द्यायचं, हे ती जन्मापासून पाहत आली होती. तिनं स्वतः शंभरदा केलं होतं. ती उठली आणि धावत टेकडीवर गेली, कारण फोन तिथेच लागतो. एल्दियारचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही, आणि नंतरही.

ऑगस्टच्या अखेरीला मेंढ्या खाली उतरवायच्या सुमारास टेकडीवर तिच्या फोनमध्ये संदेश आला. नंबर परदेशी होता.

"तपासणी पास झालो. डॉक्टर म्हणाले, यकृत पोरासारखं झालंय, काय घेतलंत? मी म्हटलं, झोप घेतली. अजून व्होडकाला शिवलो नाही, तुला सांगावंसं वाटलं. माझा नान आहे ना टांगलेला?"

तिनं लिहिलं, "आहे." मग पुसलं. खोटं बोलून त्याला पाच वर्षं वाट बघायला लावायचं? तिनं सगळं लिहिलं: काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं, नान कुणी खाल्ला, आणि त्या दिवशी चहा अर्धाच ओतायचा होता, सातव्या दिवसापासून ठरलेलं होतं. पाठवताना तिला रडू आलं आणि ती रडली.

खूप वेळानं उत्तर आलं.

"पहिल्या दिवशी ओळखदेखही नव्हती, तरी थांबा म्हणालीस. मला वाटलं होतं, शेवटीही म्हणशील... आता सही झालीय, बुरुल. पाच वर्षांची."

खाली आई दोहायला हाका मारत होती. बुरुल उतरली, शिंगरू लावलं, दूध काढलं. संध्याकाळी तिनं प्याले मांडले आणि सवयीनं एक जास्तीचा मांडला गेला. त्यात तिनं अर्धा चहा ओतला.

 चहा गार झाला, तेव्हा बुरुलनं तो उचलला आणि स्वतःच प्यायली.