करारातली मंदा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाला घाबरवायची मला हौस नाही. खरं सांगायचं तर यात भीतीपेक्षा किळसच जास्त आहे. जेवायचं राहिलं असेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा.

तारीख ११ डिसेंबर २०२५. गुरुवार. दुपारचे अडीच.

ठिकाण बोईसर. कारखान्यांच्या रस्त्याला लागून असलेली चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरची वन रूम किचन.

लोकांना वाटतं असले प्रकार रात्रीच होतात. हा भर उन्हात झाला.

ज्याच्या डोळ्यांदेखत झाला तो भावेश, माझा आतेभाऊ. बोईसरमध्ये खोल्या भाड्याने लावून देणारा एजंट. ही खोली माकुणसारच्या आत्मारामकाकांची. काका गावात पानवेलीची वाडी सांभाळायचे आणि स्वच्छतेचं त्यांना नुसतं वेड. हॉटेलातला कप स्वतः विसळल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. भाडेकरूसाठी त्यांच्या अटी दोनच. फॅमिली पाहिजे आणि जनावर नको.

"पोपटसुदा नाय," ते दर वेळी बजावायचे.

सप्टेंबरात भावेशने चंद्रभान नावाचा माणूस आणला. मूळचा धुळ्याकडचा, केमिकल कंपनीत शिफ्टला, चाळिशीचा, अबोल. करार भरताना भावेशने सवयीने विचारलं, सोबत कोण राहणार? चंद्रभान म्हणाला, मंदा. भावेशला घाई होती. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही आणि रकान्यात लिहून टाकलं...

सौ. मंदा.

तो 'सौ.' त्याने आपल्या मनाने लावला. आजही त्याला विचारलं की तो कपाळावर हात मारून घेतो.

तीन महिने गेले. शेजारी कुजबुजायला लागले. हा माणूस घरात असला की सारखं मंदा, मंदा चालू असतं, पण बाई काही कुणाला दिसलेली नाही. काकांच्या कानावर गेलं. म्हणून त्या गुरुवारी दोघं न सांगता जिना चढले.

दार उघडं होतं.

चंद्रभान जमिनीवर मांडी घालून जेवत होता. ताट एकच. ताटाच्या पलीकडे एक करडी मांजर. एक कान कुरतडलेला, डोळ्यातून पिवळं पाणी गळतंय. तो एक घास घ्यायचा, मग ती वरणभातात तोंड घालायची. मग पुन्हा तो. त्याच भातातून. तिच्या मिशांवरची लाळ ताटात ठिबकत होती आणि हा पठ्ठ्या शांतपणे बोटं चाटत होता.

काकांनी टॉवेल तोंडावर दाबला.

चंद्रभान मात्र जराही ओशाळला नाही. ही मंदा, म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. त्याची बायको मंदा श्रावणात गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तिच्या भावांनी हात जोडले, नाही नाही ती वचनं दिली. दोन तास झाले, कावळा फिरकला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, आणि तेवढ्यात नदीकडून ही मांजर आली. तिने पिंड खाल्ला आणि त्याच्या पायावर येऊन बसली.

"मी खोटं काय सांगितलं?" चंद्रभान म्हणाला. "यांनी विचारलं सोबत कोण, मी नाव सांगितलं."

काका खाली उतरले. माणूस राहू दे, मांजर जाऊ दे, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं.

सोमवारी चंद्रभानची पहिली शिफ्ट होती. काकांकडे दुसरी चावी होती. मांजर गोणपाटाच्या पोत्यात आली, फारसा त्रास न देता. तिला दांडीला सोडायचं ठरलं. मासेमारीचं गाव, सुकी मासळी पडलेली, मांजराला तिथे काय कमी, अशी दोघांनी एकमेकांची समजूत घातली. भावेश बाइकवर, मागे काका, मांडीवर पोतं.

अर्ध्या वाटेपर्यंत पोतं वळवळत होतं.

नंतर ते गप्प झालं...

दांडीच्या किनाऱ्यावर काकांनी दोरी सोडली आणि पोतं उपडं केलं.

मांजर नव्हती.

मूठभर करडे केस पडले. आणि शिजवलेला भात. गोळा झालेला, काळे तीळ लागलेला, आंबलेला... आणि कोमट.

काकांच्या बोटांना तो चिकटला. त्यांनी वाळूत बोटं घासली, समुद्राच्या पाण्याने पाच वेळा हात धुतले. वास गेला नाही. पोत्याला भोक असेल, असं ते म्हणत राहिले. भावेशने पोतं उलटं करून पाहिलं. भोक नव्हतं.

चंद्रभानने दोन दिवसांत खोली सोडली. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. चावी देताना त्याने भावेशला एवढंच विचारलं, "तिनं सकाळी काही खाल्लं होतं का?"



मग खोली दाखवणं सुरू झालं. गिऱ्हाईक यायचं, काका सोबत असायचे, आणि पाच मिनिटांत गिऱ्हाईक नाक दाबायचं. इथे मांजर पाळली होती का? आम्हाला नाही चालणार. एकामागून एक सहा जण असेच परतले. ज्या माणसाला पोपट चालत नव्हता, त्याला परकी माणसं हे तोंडावर ऐकवत होती. काकांनी खोली फिनेलने धुतली, नवा रंग दिला. तरी तेच. शेवटी जानेवारीत ते थकून म्हणाले की जनावरवाला असला तरी आण.

भावेशने राजनंदिनीला आणलं. लॅबमध्ये नोकरी करणारी मुलगी, सोबत तिचा तपकिरी कुत्रा. काका यायचे होते. तोवर कुत्रा खोलीभर हुंगून आला, खिडकीखाली पसरला आणि जांभई दिली. राजनंदिनी म्हणाली, छान आहे खोली, वासबीस काही नाही.

भावेश चमकला. वास खरंच नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर काकांची पावलं वाजली...

कुत्रा ताडकन उठला. पाठीवरचे केस उभे. काका दारात आले तसा तो भिंतीला चिकटून केविलवाणा ओरडला आणि जागेवरच मुतला. त्याच क्षणी खोलीत तो वास भरला. आंबलेल्या भाताचा, ओल्या केसांचा.

राजनंदिनी कुत्र्याला उचलून गेली. भावेशने वळून पाहिलं.

काका उंबऱ्यात बसले होते आणि आपल्या हाताची मागची बाजू चाटत होते. सावकाश. मनगटापासून बोटांपर्यंत. मग तो ओला हात त्यांनी कानामागून फिरवला.

भावेशने जिन्यातच ओकारी काढली.

आठवड्याने काकांच्या बायकोचा, आनंदीकाकूंचा फोन आला. काका अंघोळ करत नव्हते. हाताने जेवत नव्हते. आता तर त्यांनी अन्नच सोडलं होतं. पालघरच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"त्या मानसाला आण," काकू म्हणाल्या. "माझा नवरा माला परत पायजे."

भावेशने चंद्रभानला शोधून माकुणसारला नेलं. दुपारी बारा. काकूंनी ताट वाढलेलं होतं आणि काका ताटासमोर मान खाली घालून बसले होते. हनुवटीवर आठवड्याची लाळ सुकलेली, तिच्यात केस चिकटलेले. करडे. काकांचे केस तर पांढरेशुभ्र.

चंद्रभान दारात चपला काढून उभा राहिला.

"मंदा, जेवलीस का?"

काकांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. आवाज काकांचाच होता. बोली मात्र माकुणसारची नव्हती. "तुम्ही आल्याबिगर कधी जेवले का मी?"

चंद्रभान रडायला लागला. मग समोर बसला, भात कालवला आणि एकेक घास काकांच्या तोंडात घातला. मधला घास स्वतः घेतला. त्याच ताटातून. काका आठ दिवसांनी पोटभर जेवले.

तेव्हापासून चंद्रभान रोज शिफ्ट सुटल्यावर माकुणसारला येतो. एक दिवस आला नाही तर काका अन्नाला तोंड लावत नाहीत. सगळे उपाय करून झाले, उतारेही झाले. चंद्रभानचं येणं बंद करावं तर काका मरतील, म्हणून काकू रोज स्वतःच्या हाताने दोघांसाठी एक ताट वाढतात आणि परसात जाऊन बसतात.

मागच्या महिन्यात त्यांनी भावेशला परसात बोलावून घेतलं. हातात कुंकवाची डबी होती. कपाळ कोरं होतं.

"ते सौ. मंदा नाव तू लिवलंस ना? मंग तूच सांग. मी कुंकू लावू का नको?"

भावेश पाणीही न पिता निघून आला.

काकूंचा दर दोन दिवसांनी फोन येतो. तो उचलत नाही. काय सांगू, म्हणून मला विचारतो.