माईतेचं जायचं ठरेना

"हे कुणी शिवलं?" फाटलेलं पांढरं कापड टेबलावर पसरत माईतेनं विचारलं.

"मी," समोरचा उंच तरुण ओशाळून म्हणाला.

"दिसतंच आहे."

तो मोकळेपणानं हसला, आणि उगाचच माईतेच्या हातातली कात्री घसरली...

रेनो शहरातल्या या दुकानात बोटींची आच्छादनं आणि तंबू शिवले जात. वडिलांचे हात थरथरू लागल्यापासून, गेली चार वर्षं, माईते एकटीच यंत्रावर बसे. हा तरुण, टोबिन, स्वतः घडवलेला, तीन मजले उंच लोखंडी करकोचा घेऊन वाळवंटातल्या कला-उत्सवाला निघाला होता. वाऱ्यानं करकोच्याचे कापडी पंख फाडले होते आणि हातात उरले होते दोनच दिवस.

दोघं मिळून कामाला लागली. तो कापड ताणून धरी, ती शिवण घाली.

"तू दर वर्षी जात असशील ना? इथून दोन-तीन तासांवर तर आहे," तो म्हणाला.

"एकदाही नाही. धूळ खायला कोण जाईल?"

"मी जातो."

"म्हणून तर म्हणते!"

दुसऱ्या दिवशी पंख तयार झाले. टोबिननं खिशातून एक तिकीट काढलं. बहिणीचे दिवस भरत आले होते, ती येणार नव्हती. "तू... येशील?"

"आइतांना सोडून कशी येऊ?" माईते म्हणाली. मागं खुर्चीत बसलेल्या आइतांनी, तिच्या वडिलांनी, नुसतंच खाकरलं.

"खरं कारण सांग ना."

तिनं दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "परत यावंसंच वाटलं नाही, तर?"

टोबिननं तिची थट्टा केली नाही. "ठेव हे. नाही आलीस तर फाडून टाक," एवढंच म्हणून तो निघाला.

त्यानंतर माईतेचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रस्त्यावरून टपावर सायकली बांधलेल्या गाड्या उत्तरेकडे उत्सवाला जाताना दिसल्या, की ती उठून काचेशी उभी राही... पुन्हा येऊन बसे... पुन्हा उठे. शुक्रवारी तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या, शनिवारी त्या झाडांना घातल्या.

रविवारी वडील म्हणाले, "पोरी, तिसऱ्यांदा तू हे कापड उलटं लावलंस. एक तर तू जा, नाही तर मला तरी कुठं जाऊ दे!"

"आइता, पण तुमचं—"

"माझं नाव पुढं करू नकोस. माझे हात कापतात, पाय धड आहेत. घाबरतेस तू."

तिला राग आला, कारण ते खरं होतं. अर्ध्या तासात तिचा जुना ट्रक शहराबाहेर पडला होता.

वाळवंटाच्या तोंडाशी गाड्यांची न संपणारी रांग होती. एकदा तिनं ट्रक वळवायलाही घेतला, पण मागं जायला जागाच नव्हती. उत्सवाच्या दारावरच्या म्हातारीनं विचारलं, "पहिल्यांदाच का गं?" आणि नवख्यांसाठीच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे तिला खाली उतरवून, पिठासारख्या पांढऱ्या धुळीत लोळायला लावून घंटा वाजवायला लावली. "ये, घरी आलीस!"

'घर तर मागं राहिलं,' माईतेच्या मनात आलं. तरी हसू आवरेना.

विचारत विचारत ती करकोच्यापाशी पोचली, तेव्हा वादळ उठलं होतं. पांढरे पंख वाऱ्यात भरून आले होते आणि शिडीवर टोबिन दोर आवळत होता. तिला पाहताच तो भराभरा खाली आला. भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला.

"शिवण टिकली का ते बघायला आलीस?"

"माझी शिवण बघावी लागत नाही."

"मग?"

"तुला बघायला आले. परत जाणार आहे मी. दुकान आहे, आइता आहेत. पण... एकटीनं जायचं नाहीये."

टोबिननं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"रेनोत लोखंड जोडणाऱ्याला काम मिळतं का गं?"

"आधी शिवायला शीक," माईते म्हणाली, आणि त्याच्या धुळकट शर्टाला धरून तिनं त्याला जवळ ओढलं.