एवढा वाफा भिजू दे

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझे वडील, आबा, खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. आयुष्यात एकदाच बोलले, आणि तेही याच प्रकरणात.

आमचं गाव वाळव्याकडचं. आज सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा साताऱ्यात होतं. आबा आणि गल्लीतला कृष्णात एकाच दिवशी पलटणीत भरती झाले. त्याआधीही दोघांचं काम एकत्रच. विहिरीवर आबा मोट हाकायचे, खाली कृष्णात उसाला दारं धरायचा, एकेका वाफ्यात पाणी वळवायचा.

घड्याळ कुणाकडं होतं? संध्याकाळी बाबालाल मुलाण्याची बांग झाली की मोटेचे बैल सोडायचे, ही गावची रीत. बाबालालला दमा होता. बांगेच्या मध्येच ठसका लागायचा. तो थांबायचा, खोकायचा... मग पुढचं म्हणायचा.

कृष्णात कामाचा हावरा. बांग झाली तरी खालून ओरडायचा, "एवढा वाफा भिजू दे, गड्या!"

आणि आबा थांबायचे.

१९४२ सालचा मे महिना. लिबियाचं वाळवंट. दुपारचे तीन.

दोघं खंदक खोदत होते. आसपास गाव नाही. मशीद नाही. झाडसुद्धा नाही.

आधी वारा पडला.

मग पलीकडच्या फावड्यांचा आवाज थांबला. आबांनी मान वळवून पाहिलं. माणसं खोदतच होती. आवाज तेवढा नव्हता.

आणि मग... बांग.

मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, असताना आबांनी बांग रोज ऐकली होती. ही तसली नव्हती. ही मध्येच थांबली.

ठसका...

मग पुढचं सुरू झालं.

आबांच्या हातातून टिकाव सुटला. "इच्यार न्हाई केला," ते सांगायचे. "पाय आपसूक निघालं. ल्हानपणाची सवय."

वर चढून ते म्हणाले, "कृष्णात, चल. सुटी झाली."

कृष्णातनं मान वर केली. चेहऱ्यावर नवल नाही, भीती नाही.

"एवढा वाफा भिजू दे, गड्या."

वाफा म्हणाला. खंदक नाही.

इतकी वर्षं आबा त्याच्यासाठी थांबत आले होते. त्या दिवशी थांबले नाहीत. पन्नास-साठ पावलं गेले असतील.

गोळा खंदकातच पडला.

आबा रडले नाहीत. संध्याकाळी जेवलेसुद्धा. चार रोट्या खाल्ल्या, हे त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं.

१९४६ ला गावी आले, तेव्हा कळलं. बाबालाल दम्यानं गेला होता... त्या मे महिन्याच्याही आधी, संक्रांतीच्या सुमारास.

कृष्णातची आई बनुबाई भेटायला आली. आबांनी तिला बांगेचं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"माझ्या लेकाला ऐकू आली न्हाई व्हय रं?"

"न्हाई, मावशी."

हेच ते खोटं.

पुढं ती जिथं भेटेल तिथं विचारायची. "तुमी दोघं बी त्याच बांगंवर घरी यायचा. मग त्यालाच कशी रं ऐकू आली न्हाई?" ती मरेपर्यंत हे चाललं.

खरं काय ते आबांनी मला अंथरुणाला खिळल्यावर सांगितलं. "ऐकू आल्याली त्याला. हात धरून वर वढायला पायजे व्हता मी." एवढं बोलून कुशीवर वळले.

आता विहिरीवर मोटर आहे. संध्याकाळची बांग भोंग्यावरून येते, ठसक्याशिवाय. ती झाली की मी लगेच बटण बंद करतो. शेवटचा वाफा अर्धा कोरडा राहतो. भाऊबंद हसतात. हसू देत.

पण गेल्या उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास मी रानात होतो. मोटर चालू होती.

वारा पडला.

आणि पाण्याचा आवाज थांबला... पाणी पडत होतं. आवाज तेवढा नव्हता.

मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. चपला तिथंच टाकून घरी आलो.

बांधापलीकडं लालासाहेब उसाला दारं धरत होता. लहानपणापासूनचा माझा सोबती. त्याला काही झालं नाही. आजही रोज भेटतो, चहा पितो.

पण मी त्याला हाक मारली नव्हती.