पांढरे केलेले दगड

ऐकीव गोष्ट सांगत नाहीये मी. हे माझ्या हातून झालंय. खोटं वाटलं तर खुशाल हसा, दुसऱ्याने सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

मी पाट्या रंगवतो. लढाईत आमच्या गावाबाहेरच्या माळावर सुरुंग पुरले होते. ते काढणाऱ्या टोळीची एक रीत होती. तपासलेल्या जमिनीच्या कडेला पांढरा दगड, न तपासलेल्याच्या कडेला लाल.

माझा दादा त्या टोळीत होता. पोटावर पडून सळईने माती टोचत पुढे सरकायचं.

टक... टक... टक...

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्याची सळई चुकली. तेव्हापासून काम बंद पडलं. कागदावर मात्र जोरात चालू होतं.

मग सरकार निवडणूक हरलं. खुर्ची सोडायला आठ दिवस उरले, तेव्हा या कामावरचे साहेब माझ्याकडे आले.

"लाल दगड पांढरे करून टाक. माळ साफ झालाय."

"कधी झाला, साहेब?"

"तू रंगारी आहेस का इंजिनीअर?"

मी डबा उचलला. घाबरलो होतो, दुसरं काय! मी नाही केलं तर दुसरा कुणी करेलच, अशी स्वतःची समजूत घातली.

भर दुपारी कामाला लागलो. अकरावा दगड रंगवत होतो, आणि...

टक... टक...

माळावर चिटपाखरू नव्हतं.

"कोण आहे रे तिकडे?"

आवाज थांबला. समोरचं गवत एका ठिकाणी दबलेलं होतं. पालथ्या माणसाएवढं.

बघता बघता ते दबलेलं गवत हातभर पुढे सरकलं... माझ्याकडे.

मी पळण्यासाठी वळलो. मागचे दहाही दगड लाल होते. ओले. माझ्याकडे डबा होता तो फक्त पांढऱ्या रंगाचा.

पाच दिवस हेच चाललं. शेवटी साहेबांनी वैतागून ट्रक पाठवला आणि सगळे दगड उचलून नदीत टाकले.

नवीन साहेब आले. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी हात जोडून.

त्यांनी फाईल उघडली. "इथं साफ लिहिलंय. आता नाही म्हटलं तर तपासायला माणसं कुठून आणू?"

आणि लढाईत घरं गेलेल्यांना माळावर जागा वाटल्या. पहिली जागा वहिनीला मिळाली. चार वर्षं ती दोन पोरींना घेऊन शाळेच्या एका वर्गात राहत होती.

मी धावत गेलो. दगडांचं सांगितलं, माझं पापही सांगितलं. वहिनी गाठोडं बांधत होती.

"जाऊ नका, वहिनी."

"वर्ग सोमवारपर्यंत रिकामा करायचाय. कुठे जाऊ, भावजी? तुमच्याकडे?"

माझ्या एका खोलीत आम्ही सात जण राहतो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आता वर्ष होत आलंय. घर उभं राहिलं, अजून काही घडलेलं नाही.

परवा तिच्याकडे गेलो. धाकटी दारात उभी होती. दादा गेला तेव्हा ती वहिनीच्या पोटात होती. मी अंगणात पाय टाकणार, तेवढ्यात ती किंचाळली.

"काका, तिकडून नको! बाबा म्हणतात, इथूनच यायचं."

बोटाने तिने पट्टा दाखवला. जेमतेम एक माणूस चालेल एवढा.

"कोण बाबा?"

"आमचे." माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली असावी.

मी उचललेला पाय मागे घेतला. मग विचारलं, "आणि बाकीचं अंगण?"

"ते अजून झालं नाही. बाबा म्हणतात, एकट्याने होणार नाही."

मी तिने दाखवलेल्या वाटेनेच घरात गेलो. दादाला सोबत कोण हवंय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.