गुडघ्याच्या बाहेरची नस

पांढरी साडी-बिडी काही नाही ह्यात, आधीच सांगतो. ज्याला तेच हवंय त्याने खुशाल झोपायला जावं. ही माझ्या साडूची गोष्ट, आणि तो थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

साडू ऑपरेशन थिएटरात टेबल लावायचा. म्हणजे पेशंटला भूल दिली की त्याचे हातपाय नीट ठेवायचे, बांधायचे. भूल दिलेल्या माणसाला रुतलं तरी बोलता येत नाही ना! तीन वर्षांपूर्वी एका उंच, लांब बोटांच्या गवंड्याचे पाय असेच टेबलाच्या लोखंडी दांड्यांना वर टांगले होते. घाईत गुडघा आणि दांड्याच्या मधे घालायच्या गाद्या राहिल्या. डावा गुडघा बाहेरून चार तास लोखंडी दांड्यावर दाबला गेला, तिथली नस निकामी झाली. ऑपरेशन झकास, पण पाऊल उचलेना. पाऊल फरफटत, आपटत चालायचा बिचारा. वर्षभरात जिन्यावर अडखळला आणि गेला. ते पाय बांधले होते माझ्या साडूनेच.

गेल्या नोव्हेंबरात, बावीस तारखेला, रात्री एक वाजून वीस मिनिटांनी तातडीचं ऑपरेशन आलं. चाळिशीची बाई, बस चालवणारी. साडू कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतून दोन गाद्या घेऊन निघाला.

मागे... थप. सर्र... थप.

वळून पाहिलं. कुणी नाही.

तो चालला. आवाजही चालला. तो थांबला... आवाजही.

पण माणूस हट्टी! अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "चुकलो मी. कबूल. पण आज आडवा येऊ नकोस. आत बाई आहे."

आणि तो थिएटरात शिरला.

आत सर्जन तापलेला. "गाद्या राहू दे, वेळ नाही!"

"एक मिनिट, सर."

"नोकरी नकोय का तुला?"

"नोकरी दुसरी बघीन. हिचं पाऊल गेलं तर ही ब्रेक कशाने दाबणार? गाद्या लागल्याशिवाय मी टेबल सोडत नाही. काढा बाहेर मला!"

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लावू दे हो त्याला." सर्जन धुमसत हातमोजे चढवू लागला. साडूने बाईचे पाय दांड्यांना टांगले, दोन्ही गुडघ्यांना गाद्या लावल्या, वर कापडं पसरली.

दार उघडलं. मिटलं.

थप... सर्र... टेबलाच्या उजव्या अंगाला येऊन थांबलं.

चार तास... तिथून हललं नाही. साडूही हलला नाही.

साडेपाचला साडूने कापडं काढली. उजवी गादी फरशीवर! मध्येच टेबल कलतं केलं तेव्हा घसरली असणार. कापडांआड कुणाला दिसलंच नाही.

बाई शुद्धीवर येईपर्यंत तो पायाशी उभा होता. "ताई, पाऊल उचला."

डावं उचललं.

"उजवं...?"

तेही. सहज.

त्याला रडूच फुटलं. मग दांड्याचा वळ बघायला त्याने चादर सारली. वळ नव्हता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं उमटली होती, आत अंगठा. कुणीतरी पाय दांड्यापासून दूर धरल्यासारखी.

साडूने त्यांवर आपला हात ठेवून पाहिला.

ती बोटं त्याच्याहून पेरभर लांब होती.